साळीण

ओढ्याला नाव नाही.
अक्कलकोट रस्त्यावरून शेडच्या मागं उतरलं
की बाभळींत सापडतो, घोट्याएवढा,
सप्टेंबरात थोडा जास्त.

पाइपाच्या वरच्या अंगाला मी उभी राहते,
टाचेनं दगड हलवते, खाली जाळं धरते.
पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं की आधी नुसता गाळ.
मग गाळाला पाय फुटतात.
चतुराची पिल्लं, खालचा ओठ मुडपून बसलेली.
तीन शेपट्यांची ती माशी,
जिला पंख फुटतात तेव्हा खायला तोंड उरत नाही,
एका संध्याकाळीपुरती असते.
निवळ्या मात्र जाळ्यात कधीच येत नाहीत,
माझ्या सावलीभोवती गिरक्या घेत राहतात.

आणि ती.
पुस्तकात तिला लॅटिन नाव आहे,
मराठीत कुणी ठेवलं नाही.
मी साळीण म्हणते.
तांदळाएवढी अळी, दोन दगडांच्या फटीत
तोंडातून रेशीम काढते, चौकोनी घरांची जाळी विणते,
आणि पाणी आणून देईल ते खाते.
धोटा नाही, फणी नाही, मास्तर नाही,
तरी एक घर वाकडं नाही.

पाइपाच्या खाली मोजणी लवकर संपते.
दगडांवर हिरवट साय. ट्रेमध्ये लाल अळ्या,
फक्त लाल अळ्या, कंटाळा येईल एवढ्या.
तबस्सुम मॅडम म्हणतात,
ओढा मेला असं लिहू नकोस,
कोण उरलंय ते लिही.

लिहिलं.
निकेल, क्रोम, जस्त, तेही लिहिलं.
पाइप गुरुलिंग अण्णांच्या शेडचा.
शेडमध्ये तिसऱ्या टाकीवर माझे नायना.

आमचा माग किलोवर गेला तेव्हा मी आठवीत होते.
त्यानंतर नायनांनी चादरीतले मोर सोडले
आणि स्टोव्हच्या रिंगा, सायकलची हँडलं
बुडवून चकचकीत करायला लागले.
बोटांना भोकं पडली त्यांच्या,
बारीक, गोल, अजिबात न दुखणारी.
त्याच बोटांनी माझी फी मोजली,
सूक्ष्मदर्शकाची अनामत रक्कमसुद्धा.

काल पाइपापासून बरंच पुढं,
दुसरं पाणी येऊन मिळतं तिथं
मला एक साळीण सापडली. जिवंत. जाळीसकट.
रात्री फोटो मोठा करून बसले होते.
नायना कामावरून आलेले, हातात कप,
मागं उभे राहून बघत होते.
मी काही सांगितलं नव्हतं.

"हे कुणाचं काम?"
पडद्यावर बोट ठेवलं त्यांनी.
"इथं धागा सुटलाय बघ.
इथं दोन घरांचं एक झालंय.
इथनं पुढं ताणच नाही.
विणणारा आजारी आहे."

किडा आहे, म्हटलं.
"असू दे की. कसबी आहे.
कसबी असं उगाच चुकत नाही."

मग मी वरच्या अंगाचा फोटो काढला.
ते वाकले. कपातला चहा कलला, त्यांना कळलं नाही.
ओठांतल्या ओठांत घरं मोजत होते,
ओकटी, रेंडु, मूडु,
मागावर उभं राहून मोजायचे तशी,
एका ओळीत पंधरा, पुढच्या ओळीतही पंधरा.
किती दिवसांनी मोजत होते.

"दोन्ही एकाच ओढ्यातलं?"
मी हो म्हटलं.
कुठला ओढा ते त्यांनी विचारलं नाही.
बोट मागं घेतलं, टॉवेलला पुसलं,
पुसून जाण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

वही मिटत होते तेव्हा दारातून म्हणाले,
"सकाळचं पाणी कशाला भरतेस?
सकाळी काय सापडणार?
मंगळवारी रात्री ये. दहानंतर.
तिसरी टाकी तेव्हा सोडतात."

थोडं थांबले.

"सोडतात म्हणजे,
मीच सोडतो."